बाजूला न बसलेली सून

त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीला स्वतःचं असं पाणी उरलंच नव्हतं. भूमहून सरकारी टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडून निघून जायचा आणि मग साऱ्या गावच्या बाया दोर-बादल्या घेऊन काठावर तुटून पडायच्या. ज्या बाईला कावळा शिवलेला असेल तिनं दोराला हात लावायचा नाही. लांब लिंबाखाली घागर घेऊन उभं राहायचं, आणि घरच्या नाहीतर शेजारच्या बाईनं तिच्या घागरीत वरून पाणी ओतायचं, असा रिवाज. त्यामुळं कोण कधी बाजूला बसलीय हे कुणी सांगायची गरज नव्हती. विहिरीवर ते सगळ्यांना दिसायचं.

शेजारच्या बनाबाईनं ते हेरलं. धुरपदाबाई घागर डोईवर घ्यायला वाकली होती तेव्हा बनाबाई हळूच जवळ आली आणि म्हणाली, "काकी, तुमची जाई लई दिसांत लिंबाखाली दिसली न्हाय."

"तुला लिंबाखालच्या बाया मोजायचंच काम लावलंय का गं कुणी?" धुरपदाबाईनं फटकारलं. पण घर येईपर्यंत घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत राहिलं, आणि त्या दिवसांत पाणी सांडणारी बाई ती नव्हती.

जाईबाई तिची सून. धुरपदाबाईचा एकुलता एक मुलगा विहीर खोदताना दरड कोसळून गेला, तेव्हापासून दोघी बाया आणि नात कौसल्या, एवढंच घर. नवऱ्यामागं जाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि कंबर कसली. दोन म्हशी राखल्या, गावात दूध संस्था निघाली तेव्हा नवऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लावून घेतलं, आणि पुढं संस्थेच्या पंचांतही बसली. संस्थेचे चेअरमन आबाराव हे धुरपदाबाईचे चुलत दीर. त्यांना आधी ते रुचलं नव्हतं; मग सवय झाली. चाळिशीला टेकायच्या आतली, उंचपुरी, शब्दाला पक्की बाई. तिच्याविषयी आजवर कुणी वाकडं बोललं नव्हतं.

मागल्या पोळ्याच्या सुमारास जाईला डाव्या थानात गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून तिनं काही दिवस अंगावर काढली. मग सासूला दाखवली. धुरपदाबाईनं बोट लावून पाहिलं. खडा रुतून बसावा तशी ती गाठ रुतली होती. बार्शी जवळ, पण बार्शीच्या दवाखान्यात गेलं की निम्मं गाव भेटतं. म्हणून सोलापूर धरलं. तिथं जाईचा भाऊ व्यंकट सूतगिरणीत होता. ऑपरेशन झालं. जाई डावी बाजू सपाट करून परत आली.

निघायच्या आदल्या दिवशीच धुरपदाबाईनं ठरवून टाकलं होतं. गावात सांगायचं, पित्ताचे खडे काढले. कौसल्येची सोयरीक येरमाळ्याला जमत आली होती. त्या रोगाचं नाव निघालं की लोक घरचं पाणी पीत नाहीत, मग त्या घरातली पोरगी कोण करील? कौसल्येलासुद्धा खरं सांगितलं नाही. दीड महिना धुरपदाबाईनं दार लावून सुनेची जखम धुतली, चिंधीची घडी करून चोळीत कशी बसवायची ते शिकवलं, आणि तिला बजावलं, "त्या रोगाचं नाव ह्या घरात पुन्यांदा काढायचं न्हाय."

जाईनं ते काढलं नाही.

दवाखान्यातून गोळ्या दिल्या होत्या, रोग परत फिरू नये म्हणून. त्या भूमला मिळत नसत. व्यंकट महिन्याच्या महिन्याला आणून द्यायचा. दिवाळीनंतर व्यंकट काम सुटल्यामुळं इचलकरंजीकडं गेला. मग गोळ्या येतात कुठून हे धुरपदाबाईनं विचारलं नाही. विचारायचं म्हणजे नाव काढावं लागलं असतं.

बनाबाई बोलून गेली तेव्हापासून मात्र तिची नजर सुनेवरून हलेना. माघातल्या थंडीत जाई घामानं निथळत उठलेली तिनं पाहिली होती. चुलीपुढं नसतानाही तिचा चेहरा एकाएकी लालबुंद व्हायचा आणि ती पदरानं वारा घ्यायची. दोनदा तिला गोठ्यामागं ओकताना पाहिलं होतं. धुरपदाबाईनं स्वतः पाच बाळंतपणं काढली होती, एकच पोर जगलं तरी पाच काढली होती. तिला ही लक्षणं कुणी शिकवायची गरज नव्हती. ती मनाला समजवायची, की आजारी बाई आहे, अंगात रक्त नाही, पाळी पुढं गेली असेल. पण किती पुढं? संक्रांतीनंतर जाई बाजूला बसलेली तिला आठवत नव्हती, आणि आता चैत्र लागला होता.

मग एका सकाळी जाई दूध घालायला निघाली तेव्हा तिच्या मागोमाग तीही गेली. संस्थेचा सेक्रेटरी श्रीपती कांबळे माप घेत होता. हा बौद्धवाड्यातला, मॅट्रिक झालेला, बायकोपोरांचा माणूस. रोज दुधाचे कॅन जीपमधून भूमच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. जाई पुढं उभी होती. श्रीपतीनं इकडंतिकडं पाहिलं, खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातात सरकवली. जाईनं ती पटकन कमरेला खोचली. हे धुरपदाबाईनं पाहिलं, आणि रांगेतल्या आणखी दोघी-तिघींनीही पाहिलं.

धुरपदाबाईच्या डोळ्यांपुढं एकदम नामांतराच्या सालातला धूर उभा राहिला. तेव्हा शेजारच्या गावातली बौद्धांची घरं पेटलेली तिनं आपल्या माळवदावरून पाहिली होती. त्या वेळी तर निमित्तही इतकं जवळचं नव्हतं. भावकीतल्या पोरांच्या कानावर हे गेलं तर श्रीपतीचं काय होईल, त्याच्या बायकोपोरांचं काय होईल, हे तिला लख्ख दिसलं. आणि आपल्या घराचं काय होईल, तेही.

घरी आल्यावर ती गोठ्यात गेली. जाई शेणाची पाटी भरत होती.

"जाई," धुरपदाबाई म्हणाली, "म्या एकदाच इचारते. कुणाचं हाय?"

जाईनं मान वर केली. "काय कुणाचं?"

"मला लहान पोर समजू नगं. संक्रांतीपासून तू बाजूला बसली न्हाईस. ओकायलीस, घामेजायलीस. आन् त्यो श्रीपती तुला चोरून काय देतोय?"

जाईच्या हातातली पाटी खाली आली. शेणानं भरलेले हात तसेच धरून ती उभी राहिली. मग ती म्हणाली, "तुमीबी, आत्याबाई?"

धुरपदाबाईनं नजर म्हशीकडं वळवली.

"गाव बोलायलंय ते मला म्हाईत हाय. गावाला काय म्हाईत न्हाय म्हणून ते बोलतंय. तुमी तर तुमच्या हातानं माझी जखम धुतलीया. ह्या अंगाकडं कोण बघंल असं वाटलं तुमाला?"

"मग पाळी कुठं गेली तुझी?"

"गोळीनं गेली. ती गोळीच तशी हाय. डॉक्टरीणबाईनं पयल्यांदाच सांगितलं व्हतं, घाम येईल, मळमळंल, पाळी मागंपुढं व्हईल न्हाईतर बंद पडंल."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी म्हणला व्हता, नाव काढू नगं. म्या न्हाय काढलं."

धुरपदाबाईला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण गोळी खाऊन बाईची पाळी जाते हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरची ती शंका जाईनं वाचली. हौदात पाणी नव्हतं, म्हणून तिनं मूठभर मातीनं हात चोळले आणि ती म्हणाली, "उद्या माज्यासंगं सोलापूरला चला. माज्या तोंडचं नगं, तिच्या तोंडून ऐका."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं दोघी निघाल्या. बार्शीला गाडी बदलली. अख्ख्या वाटेत जाई खिडकीबाहेर पाहत बसली. रानं उघडी पडली होती, बांधावरच्या बाभळीसुद्धा शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेल्या. धुरपदाबाईनं भाकरी सोडली, तिच्यापुढं धरली. जाईनं नको म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं जाईला पडद्याआड तपासायला नेलं. धुरपदाबाई तिच्या मागोमाग गेली आणि तिथंच, जाईला ऐकू जाईल असं, तिनं विचारलं की आधी एवढं बघा, हिला दिवस गेलेत का. विचारताना तिची तिलाच लाज वाटली. पण विचारल्यावाचून तिच्यानं राहवलं नाही. डॉक्टरीणबाईनं तपासलं, लघवीही तपासून आणवली आणि बाहेर येऊन सांगितलं, "नाहीत. पोटात काही नाही."

धुरपदाबाई बाकावर बसली.

डॉक्टरीणबाई मूळची तुळजापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली होती. तिनं समोर बसून समजावलं. बाईच्या अंगात एक रस असतो, त्यानं पाळी येते, पोर झाल्यावर दूध येतं, बाई बाई दिसते. ह्या जातीच्या गाठीला नेमका तोच रस पोसतो. एक उपाय म्हणजे पोट उघडून तो रस करणारे बीजकोषच काढून टाकायचे. दुसरा उपाय ही गोळी. "मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकं बांधता ना?" ती म्हणाली. "पायाखाली सगळं धान्य असतं, पण त्याला खाता येत नाही. तसं ही गोळी त्या रोगाच्या तोंडाला मुसकं बांधते. रस अंगात असला तरी त्याला मिळत नाही. तुमच्या सुनेला मी दोन्ही सांगितलं होतं. ती म्हणाली, आता आणखी पोट फाडून घेऊन पडून राहायला मला सवड नाही, म्हशींना कोण बघणार, गोळी द्या. त्या गोळीनं काही बायांची पाळी थांबते. त्यात तिचा काय दोष?"

मग तिनं जाईला विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

जाई खाली मान घालून बसली.

"घेता ना?"

"शिमग्यापासून बंद केलीया," जाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईच्या हातातलं पेन थांबलं. धुरपदाबाईला आधी अर्थच लागला नाही. मग जाईनंच सांगितलं, कुणाकडंही न बघता. बाया कुजबुजायला लागल्या तेव्हा तिनं विचार केला की गोळी सोडली तर पाळी परत येईल. चार दिवस लिंबाखाली उभी राहीन, सगळ्यांना दिसेल, तोंडं बंद होतील. कौसल्येचं लग्न अक्षय्यतृतीयेनंतर आहे. ते पार पडलं की पुन्हा गोळी चालू करायची. व्यंकट गेल्यापासून श्रीपती भूमच्या केंद्रावरून सोलापूरला जाणाऱ्या दुधाच्या टँकरवाल्याकडून गोळ्या मागवून देत होता. त्याला संशय येऊ नये म्हणून ती पुड्या घेत होती आणि कणगीत टाकत होती.

"आन् ती परत आली न्हाय," जाई म्हणाली. "अजूनबी न्हाय आली."

डॉक्टरीणबाई ओरडली नाही. तिनं जाईला पुन्हा आत नेलं आणि ह्या वेळी डाव्या काखेत बराच वेळ बोटं फिरवली. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता. काखेत काहीतरी बोटाला लागत होतं, मुगाएवढं. जुन्या टाक्यांची गुठळी असेल. नसेलही. आजच कापाकापी करायची नाही. आजपासून गोळी, एक दिवसही चुकवायची नाही, आणि महिन्यानं परत दाखवायचं.

"आन् न्हाय घेतली तर?" धुरपदाबाईनं विचारलं.

"मग मुसकं सुटलेल्या बैलाला खळ्यात मोकळं सोडल्यासारखं होईल, आजी."

परतीच्या गाडीत जाई एवढंच बोलली की लग्न होईपर्यंत ती गोळी घेणार नाही. काखेतलं आहे ते आहे. महिनाभरानं काय बिघडतं? धुरपदाबाई मनात आपल्याच शब्दांशी झगडत होती. पित्ताचे खडे हा शब्द तिनं गावात इतक्यांदा उच्चारला होता की आता तिलाच तो परत घेता येईना.

गावात उतरल्या तेव्हा दिवस कलला होता. फाट्यावरच कळलं की सकाळी भूमच्या रस्त्यावर आबारावांच्या दोन्ही पोरांनी श्रीपतीची जीप अडवली. कॅन खाली ओढून दूध रस्त्यावर ओतलं. त्याला विचारलं, त्या पुडीत काय असतं, बोल. तो बोलला नाही. तेव्हा त्याचं कपाळ फोडलं. उद्या पुन्हा विचारू, असं बजावून सोडला. आता पोरं पारावर बसली होती आणि बौद्धवाड्यात दारं लवकर लागली होती.

घरात कौसल्या भाकरी थापत होती. आईशी ती चार दिवस बोलली नव्हती. विहिरीवर बायांनी तिलाही ऐकवलं होतं. धुरपदाबाई तिच्याशेजारी चुलीपुढं बसली आणि तिला सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, चोळीतली चिंधी, गोळी. खोटं कुणी बोलायला लावलं तेही. जाई दारात उभी होती. कौसल्येनं तव्यावरची भाकरी करपू दिली. मग ती उठली, कणगीत हात घालून पुड्या काढल्या, एक गोळी आणि पाण्याचा तांब्या आणून आईपुढं धरला.

"आधी ही खा."

"तुजं लगीन हुंदे."

"माज्या लग्नात तू नसलीस तर ते लगीन कशाला करायचं?"

जाईनं तांब्या घेतला नाही. कौसल्या हात पुढं करून तशीच उभी राहिली, आणि शेवटी गोळी पाटावर ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. त्या घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी आबाराव आले. बरोबर येरमाळ्याहून आलेल्या तुळजाबाई, नवऱ्या मुलाच्या आत्या. आबाराव वाईट माणूस नव्हते. ही सोयरीक त्यांनीच आणली होती आणि त्यांची मान त्यात अडकली होती. त्यांनी खाली बघत सांगितलं की पाहुण्यांच्या कानावर गोष्टी गेल्यात. त्यांचं म्हणणं, जाईनं येडेश्वरी देवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घ्यावी, आणि त्याआधी सुईणीनं तिला तपासावं. म्हणजे सगळ्यांच्या मनातलं निघून जाईल.

"आन् श्रीपतीचं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"त्याचं पोरं बघतील," आबाराव म्हणाले.

हे ऐकलं आणि धुरपदाबाई उठली. तिनं पदर खोचला, दुधाची चरवी उचलली. आबारावांनी विचारलं की कुठं निघालात. ती म्हणाली, "दूध घालायची येळ झालीया. सगळं गाव तिथं हाय. काय सांगायचं ते तिथं सांगते, म्हणजे घरोघरी पुन्हा सांगाया नगं."

जाईनं तिचा दंड धरला. "आत्याबाई, नगं. पोरीचं घर मोडंल."

"सोड," धुरपदाबाई म्हणाली. "सुईण तुजं अंग बघंल तवा काय दिसंल तिला? ते गाव सांगत फिरणार, त्यापरीस म्या सांगते."

संस्थेच्या खोलीपुढं रांग लागली होती. कपाळाला पट्टी बांधून श्रीपती माप घेत होता. तो त्या सकाळी आला होता हेच पुष्कळांना नवल वाटत होतं. आबारावांची पोरं समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. धुरपदाबाई रांग सोडून थेट पुढं गेली. पायरीवर चढली. तिचा आवाज सुरुवातीला फाटला, मग सावरला.

"माज्या सुनेला छातीचा कॅन्सर झालाय," ती म्हणाली. "पित्ताचे खडे न्हवते. ते खोटं म्या बोलले, नातीच्या लग्नापायी. सोलापूरला तिचं डावं थान काढलंय. त्यो रोग पुन्हा उठू नये म्हणून तिला रोज गोळी घ्यावी लागती, आन् त्या गोळीनं तिची पाळी थांबलीया. म्हणून ती लिंबाखाली दिसत न्हाय. कुणाला पटत नसंल त्यानं माज्यासंगं डॉक्टरकडं यावं. म्याबी पटवून घ्यायला कालच जाऊन आले. मलाबी पटत न्हवतं."

बनाबाई मागं सरकली.

"ह्या श्रीपतीनं ती गोळी आणून दिली. तुमी त्याचं डोकं फोडलं तरी त्यानं एका बाईचं झाकलेलं उघडं केलं न्हाय. त्याच्या अंगाला पुन्हा हात लावायचा आसंल तर आधी माज्या अंगाला लावा."

आबाराव मागोमाग आले होते. ते म्हणाले, "वैनी, हे आधी सांगायचं."

"आधी सांगितलं असतं तर ही सोयरीक आणली असती का तुमी, भावजी?"

धुरपदाबाईनं चरवी श्रीपतीपुढं ठेवली. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी पुटपुटलं की ह्या घरचं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळू नये, रोगाचं घर आहे. श्रीपतीनं मान वर केली. त्याच्या पट्टीतून थोडं रक्त झिरपलेलं दिसत होतं. त्यानं दूध मापलं, शांतपणे सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतलं आणि पुढच्याला म्हणाला, "या."

पुढं यायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांचे डोळे चेअरमनांवर होते. आबारावांनी पोरांकडं बघितलं, मग थोरल्याच्या हातातली घरची चरवी ओढून घेतली आणि स्वतः श्रीपतीपुढं ठेवली. श्रीपतीनं मापली, त्याच कॅनमध्ये ओतली. मग रांग हलली. दोघे-तिघे चरव्या घेऊन घरी गेले, पण रांग हलली.

आबारावांच्या पोरांनी श्रीपतीची माफी काही मागितली नाही. जीप मात्र पुन्हा कुणी अडवली नाही.

तुळजाबाई दुपारच्या गाडीनं परत गेल्या. जाताना त्यांनी कौसल्येच्या डोक्यावरून हात फिरवला, पोरीत काही खोट नाही म्हणाल्या, आणि आठवडाभरात निरोप आला की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. घरात कुणी रडलं नाही. गावात सगळं उघडं झालं त्या दिवसापासून जाईनं गोळी सुरू केली होती, आणि ती द्यायचं काम कौसल्येनं स्वतःकडं घेतलं होतं. निरोप आला त्या दिवशीही तिनं ती दिली आणि आईनं गिळल्याशिवाय ती समोरून हलली नाही.

गावाचं वागणं मात्र एका दिवसात बदललं असं नाही. काही घरांत जाईला बाहेरच्या बाहेर पाणी दिलं जायचं. विहिरीवर तिच्या दोरानंतर दुसरा दोर घेणाऱ्या बायाही होत्या. पण तिच्या चारित्र्याचा शब्द पुन्हा कुणी काढला नाही. बनाबाई एक दिवस स्वतःहून तिची घागर भरून देऊन गेली.

सासूशी मात्र जाई फार दिवस कामापुरतंच बोलायची. धुरपदाबाईला ते कळत होतं. ती समजूत घालायला गेली नाही. महिन्यानं दोघी सोलापूरला गेल्या. डॉक्टरीणबाईनं काखेत बोटं फिरवली आणि सांगितलं की आहे तेवढंच आहे, वाढलेलं नाही. त्या वेळी परत येताना धुरपदाबाईचा जीव टांगणीलाच होता. श्रावणात पुन्हा गेल्या. डॉक्टरीणबाईनं ह्या वेळी दोनदा चाचपून पाहिलं. बोटाला काही लागत नव्हतं. गोळी चालूच ठेवा म्हणाली, आणखी काही वर्षं.

बार्शीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत दोघी बसल्या होत्या. जाई म्हणाली, "तुमी मला गोठ्यात इचारलं ते म्या इसरले न्हाय."

"इसरू नगं," धुरपदाबाई म्हणाली.

जाईनं भाकरी सोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली.

कौसल्येला पुन्हा स्थळं यायला लागली ती दुष्काळ हटल्यावर. धुरपदाबाईनं एक नवा पायंडा पाडला. पाहुणे येऊन बसले, हातपाय धुतले, की ती चहापोह्यांच्या आधी समोर जाऊन बसायची आणि सुनेला काय झालंय, ती कोणती गोळी खाते आणि त्यानं काय होतं, ते सगळं सांगायची. आबाराव चुळबूळ करायचे. काही मंडळी पोहे न खाताच उठून गेली. परंड्याकडचे एक मास्तर आले होते मुलाला घेऊन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलानं एकच विचारलं, "आई आता बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय," धुरपदाबाई म्हणाली, "आतच हाय, म्हशीची धार काढायलीय." आणि तिनं कौसल्येला पोहे आणायला हाक मारली.